कोल्हापुरात राजारामपुरी आणि विद्यापीठ रोडला खोली भाड्यानं घेताना : मीटर, पाणी, करार, अनामत

करवीरकाठ :

जून उजाडला की इथं रोज एक धागा निघतो, "राजारामपुरीत खोली मिळेल का?" आणि खाली उत्तरं येतात ती नुसत्या भाड्याच्या आकड्यांची. भाडं मालक स्वतःच पहिल्या वाक्यात सांगतो, त्यात विचारण्यासारखं फार नसतं. पुढं डोकेदुखी होते ती त्यानं न सांगितलेल्या गोष्टींची : वीज युनिटला किती, नळाला पाणी किती वेळ, मे महिन्याच्या सुट्टीचं भाडं लागणार का, जाताना अनामतीतून काय कापणार. म्हणून हा एकच धागा. ज्याला जे पक्कं माहीत आहे त्यानं तेवढंच लिहावं. आपापले किस्से गप्पांच्या पानावर.

सुरुवात भागापासून. कॉलेज कुठलं त्यावर भाग ठरवा, नावावर भुलू नका. शिवाजी विद्यापीठ, राजाराम कॉलेज, शासकीय तंत्रनिकेतन आणि सायबर कॉलेज ही सगळी विद्यानगरच्या एकाच पट्ट्यात. त्यांना राजेंद्रनगर, सम्राटनगर, प्रतिभानगर, सागरमाळ आणि राजारामपुरी सोयीचं. कमला कॉलेज तर राजारामपुरीतच. केआयटी मात्र गोकुळ शिरगावला; तिथल्या मुलांनी आधी उजळाईवाडी, आर. के. नगरकडं बघावं, नाहीतर रोजचं पेट्रोल नाहीतर केएमटीच्या (शहर बसच्या) वाटेकडं डोळे. डी. वाय. पाटील अभियांत्रिकी कसबा बावड्यात, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. विवेकानंद ताराबाई पार्कात. मेडिकलची मुलं सीपीआर दवाखाना आणि शेंडा पार्क अशी दोन्हीकडं जातात. यांनी "राजारामपुरी भारी आहे" ऐकून तिथं खोली घेतली तर वर्षभर सिग्नल मोजत बसायचं.

राजारामपुरी घ्यायची ती स्पर्धा परीक्षांचे क्लास, अभ्यासिका, झेरॉक्स, मेस आणि रात्री उशिरापर्यंतची जाग यासाठी. त्रासाचं कारणही तेच. मेन रोडकडं खिडकी असलेली खोली आणि त्याच गल्लीत चार घरं आत असलेली खोली, यांत झोपेचा मोठा फरक पडतो. गणेशचतुर्थीला मंडळांच्या आगमन मिरवणुका मेन रोडवरून निघतात. त्या संध्याकाळी गाडी आत-बाहेर होत नाही आणि खिडकीच्या काचा थरथरतात. परीक्षेचं वर्ष असेल तर मागची खोली बघा, भले दोन पैसे जास्त जाऊ देत.

चांगल्या खोल्या मेअखेरीस, जुनी मुलं परीक्षा देऊन गेली की मोकळ्या होतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या संपून मुलं येईपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो आणि मग उरलंसुरलं मिळतं : पत्र्याची, जिन्याखालची, नाहीतर मालकाच्या हॉलमधून वाट असलेली.

दस्तलेखनिक :

कराराचं मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहेत.

महाराष्ट्रात भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. महिने अकरा असोत की सहा, सूट नाही. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मालकांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते : नोंदणीकृत करार नसेल आणि वाद कोर्टात गेला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी टाळून मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते मोजायचं एकूण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर. समजा भाडं ९,००० आणि अनामत ३०,०००, मुदत अकरा महिने. भाडं झालं ९९,०००. अनामतीवरचं व्याज २,७५०. बेरीज १,०१,७५०, तिचे ०.२५ टक्के म्हणजे अडीचशेच्या थोडं वर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. पाचगाव, उजळाईवाडी, मोरेवाडी इथल्या खोलीला म्हणूनच फी कमी पडते. हे दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी सोडून. खर्च कुणी करायचा हे आपसात ठरवायचं. अर्धा-अर्धा हा इथला नेहमीचा तोडगा.

नोंदणी ऑनलाइन होते, दुय्यम निबंधकाकडं जावं लागत नाही. लागतं ते हे : दोन्ही बाजूंचं आधार, दोन साक्षीदार आधारसह, मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर. तो नंबर घरफाळ्याच्या पावतीवर सापडतो किंवा मालमत्ता पत्रकावर. राजारामपुरी ई वॉर्डात येते, वॉर्ड चुकीचा टाकला तर दस्त परत येतो. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. म्हाताऱ्या मालकांचे ठसे घासलेले असतात आणि मशीन घेत नाही; हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटानं करून बघायचं. नोंदणी झाली की सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा) मिळते. ती हातात आल्याशिवाय "करार झाला" म्हणू नका, नुसता टोकन नंबर म्हणजे करार नव्हे.

निपाणीची_आई :

मुलीला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं, अशी खोली बघितली आहे. मालकीणबाई म्हणतात, "अकराच महिन्यांचा आहे, १०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून देते, एवढं पुरतं." आणि चार मुलींपैकी करार एकीच्याच नावावर. हे चालतं का? एक मुलगी बारावीची आहे, सतरा वर्षांची.

दस्तलेखनिक :

ताई, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीनं फक्त सही त्याच्यासमोर झाली एवढं सांगितलं.

एकीच्या नावावर करार असेल तर बाकी तिघी कागदावर तिच्या पाहुण्या. ती मध्येच कॉलेज बदलून गेली तर तिघींना राहण्याचा आधार नाही, आणि तिघींनी मोडतोड केली तर भरपाई तिच्या गळ्यात. चौघींची नावं घाला. सतरा वर्षांच्या मुलीला करार करता येत नाही. तिच्या जागी आईनं किंवा वडिलांनी सही करायची आणि "वापर मुलगी करील" असं वाक्य घालायचं. अनामत प्रत्येकीनं किती दिली ते करारातच वेगवेगळं लिहा. एक बाहेर पडली आणि दुसरी आली तर नवी मुलगी अनामत जुनीला परस्पर देते, मालकीणबाईंना पत्ता नसतो, आणि वर्षाअखेरीस चार जणींच्या पाच अनामती निघतात. बदल झाला की मालकीणबाईंची सही असलेली चिठ्ठी करा, जमलं तर नवा करार.

गल्ली_नंबर :

कॉट बेसिसला कोण नोंदणीकृत करार करून देतं हो? वीस कॉटच्या घरात वीस करार? कागदावर ठीक आहे, पण आपल्याकडं अनामत एक महिन्याची आणि पावती चिठ्ठीवर, असंच चालतं. मुलांनी आग्रह धरला तर मालक सरळ पुढच्याला खोली देतो. नोंदणी केली की घरफाळा वाढेल या भीतीनंच निम्मे मालक हात वर करतात.

दस्तलेखनिक :

चालतं हे खरं, पण मग निदान काय सोडायचं नाही ते ठरवा. अनामत आणि भाडं यूपीआयनं द्या, रोख नको, आणि शेऱ्यात "कॉट क्र. अमुक, अनामत" लिहा. भाड्याची पावती मागा. कलम ३१ प्रमाणे मालकाला ती द्यावीच लागते. अनामत एक महिन्याच्या वर मागत असेल आणि कागद देत नसेल, तर तो व्यवहार मोठा आहे आणि कागद छोटा. तिथं थांबायचं.

आणि "दोन महिन्यांच्या वर अनामत घेता येत नाही" असं कुणी सांगितलं तर तो केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा वाचून आलेला असतो. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. इथं १९९९ चाच कायदा बघायचा आणि अनामतीची रक्कम आपसातली.

उद्यमनगर_वायरमन :

मीटरचं कुणी लिहिलं नाही अजून. भावांनो, खोलीत पाय टाकल्यावर आधी बोर्ड बघा, मग पलंग.

पहिलं, महावितरणचा स्वतंत्र मीटर आहे का सब-मीटर, म्हणजे मालकानं त्याच्या मीटरपुढं खोलीसाठी बसवलेला? स्वतंत्र असेल तर बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि ॲपवर मागची थकबाकी बघा. जुन्या भाडेकरूची थकबाकी असली की कनेक्शन तोडायला माणूस तुमच्याच दारात येतो.

सब-मीटर असेल तर दर विचारा आणि तो दर कुठून आला तेही विचारा. घरगुती वीज टप्प्यांनी महाग होते : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्याच्या वर. चार खोल्यांना प्रत्येकी ९० युनिट लागले तर वेगवेगळ्या मीटरवर चारही खोल्या पहिल्या, स्वस्त टप्प्यात राहतात. त्याच चार खोल्या मालकाच्या एका मीटरवर असल्या की बेरीज ३६०, आणि बिल तिसऱ्या टप्प्यात. म्हणजे मालक "युनिटला जास्त लागतं" म्हणतो ते दरवेळी खोटं नसतंय. न्याय्य पद्धत एकच : मुख्य बिलाची पूर्ण रक्कम भागिले एकूण युनिट, जो दर येईल तो सगळ्यांना सारखा. ३६० युनिटचं बिल समजा ३,९६० आलं, तर दर ११. मालकानं ठोक १५ लावला तर वरचे चार रुपये त्याची कमाई. दर महिन्याला मुख्य बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, एवढी एकच अट घाला.

सब-मीटर तपासायची पद्धत : खोलीतला एमसीबी (बोर्डावरचा मुख्य खटका) पाडा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. चालूच राहिला तर जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर नाहीतर शेजारची खोली तुमच्या मीटरवर आहे. मग एमसीबी चालू करून बाकी सगळं बंद ठेवा आणि १००० वॉटचं एकच यंत्र, इस्त्री म्हणा, लावा. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलेलं असेल तर युनिटला ३२०० वेळा दिवा लुकलुकतो. १००० वॉटला सहा मिनिटांत ०.१ युनिट, म्हणजे ३२० वेळा. एका मिनिटात त्रेपन्न-चोपन्न झाले तर मीटर बरोबर. सत्तर झाले तर पळतोय. इस्त्री तापली की मध्येच बंद होते, म्हणून पहिल्याच मिनिटाला मोजा.

गिझर. २००० वॉटचा गिझर पाव तास चालला की अर्धा युनिट. चौघांची आंघोळ म्हणजे दिवसाला दोन, महिन्याला साठ युनिट नुसत्या गरम पाण्याचे. गच्चीवर सोलर आहे म्हणून खूश होऊ नका. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात सोलर म्हणजे गार पाण्याची टाकी. बॅकअप कॉइल आहे का आणि ती कुणाच्या मीटरवर आहे ते विचारा.

इंडक्शन आणि गिझर १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच. २००० वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. ते सहा अँपिअरच्या सॉकेटमधून चार पिनांच्या एक्स्टेन्शनवर ओढलं की आधी पिन काळी पडते, मग प्लास्टिकचा वास, मग जाळ. सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसला की ओळखायचं. बोर्डावर आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) असेल तर त्याचं 'टी' बटण दाबून बघा, खटका पडलाच पाहिजे. नसेल तर निदान अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः टेस्टर-बल्ब घेऊन प्रयोग करू नका.

राहीबाई :

वायरमनदादा, मालक वैतागला की लाईट तोडतो, त्याचं काय?

दस्तलेखनिक :

कलम २९. वीज, पाणी यांसारख्या अत्यावश्यक सोयी मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत, भाडं थकलं म्हणूनही नाही. भाडं वसूल करायचा त्याचा रस्ता वेगळा आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा : मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागते. परीक्षा पंधरा दिवस पुढं गेली म्हणून नुसतं राहू नका, मालकाकडून मेसेजवर का होईना मुदतवाढ घ्या.

बाराचा_नळ :

पाण्याकडं येऊ. "चोवीस तास पाणी" म्हणजे टाकीत पाणी आहे तोवर चोवीस तास. नळाला ठराविक वेळच येतं, तेही गल्लीच्या चढ-उतारावर कमी-जास्त दाबानं. खोली बघायला संध्याकाळी जाऊ नका, नळ यायच्या वेळेला जा.

हिशेब असा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरासाठी धरलं जाणारं माप. विद्यार्थी थोडं कमी वापरतात, पण रविवारी कपडे धुतले की बरोबरी होते. घरात बारा मुलं असतील तर १,६२० लिटर लागले. वर टाकी १,००० लिटरची एकच असेल तर ती दिवसातून दोनदा भरायला हवी, म्हणजे खाली हौद आणि मोटर हवी, आणि मोटर चालू करणारा माणूसही. मालक बाहेरगावी गेला की मोटर कोण लावतं? हा प्रश्न विचारा, बरेच जण गडबडतात.

संडासातला फ्लश ओढा आणि त्याच वेळी बाथरूमचा नळ सोडा. दहा लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर दाब ठीक. चार मिनिटं लागली तर सकाळी आठला वर कोणीतरी नळ सोडलेला असताना तुमच्याकडं थेंब येणार. बोअर असेल तर नळाच्या तोंडावरचा पांढरा थर बघा. जाड थर म्हणजे जड पाणी. आंघोळीला चालेल, प्यायला आणि गिझरला नाही, कॉइलवर क्षार बसून वीज जास्त खाते.

काळम्मावाडी धरणावरून येणाऱ्या थेट पाइपलाइनवर नाहीतर उपसा केंद्रावर बिघाड झाला की टँकर येतो. तुमच्या गल्लीत टँकर वळतो का बघा. दोन्हीकडं गाड्या लावलेल्या अरुंद गल्लीत तो तोंडाशीच उभा राहतो आणि बादल्या घेऊन तुम्हीच जायचं.

पंचगंगा_४३ :

वरच्यात महापुराची भर. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. राजारामपुरी उंचावर आहे, तिथं घरात नदी येत नाही. पण त्या दोन्ही वर्षी शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि कोरड्या भागातले नळही कोरडे झाले. म्हणून उंचावरच्या घरालाही बोअर आहे का हे विचारायचं.

स्वस्त मिळते म्हणून शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग, व्हीनस कॉर्नरच्या मागची बाजू इथं तळमजला घेत असाल तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, "२०२१ ला पाणी कुठपर्यंत होतं?" तो हातानं भिंतीवर दाखवतो. जयंती नाल्याच्या काठचा तळमजला पुस्तकं असणाऱ्यानं घेऊच नये. दुसरा मजला असेल तर चालेल, फक्त मीटरची पेटी तळमजल्यावर किती उंचीवर आहे ते बघा. ती बुडाली की वरचा मजलाही अंधारात.

करवीरकाठ :

छान माहिती येते आहे. ओल आणि छताचं कुणी लिहाल का? मे महिन्यात सगळ्याच खोल्या कोरड्या दिसतात.

प्लास्टरवाला :

बरोबर, म्हणूनच मे महिन्यात खुणा शोधायच्या. पाऊस इथं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून झोडपतो. म्हणून पश्चिमेची भिंत आधी. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतच नवा रंग मारलेला असेल आणि वर जुना, तर खाली ओल येते आणि ती रंगानं झाकली आहे. भिंतीवर नाण्यानं टकटक करा. पोकळ आवाज आला की प्लास्टर सुटलेलं. पांढरी पूड हाताला लागली तर तो खार, रंगानं तो थांबत नाही. लाकडी कपाटाचा तळ फुगलाय का, बिजागऱ्या गंजल्यात का, कपाट भिंतीपासून ओढून मागं काळे ठिपके आहेत का. मालक कपाट सरकवू देत नसेल तर उत्तर मिळालं.

ओल दोन प्रकारची. खालून चढणारी दुरुस्त करणं अवघड, ती खोली सोडा. वरून येणारी, म्हणजे स्लॅबची किंवा वरच्या बाथरूमची, कोपऱ्यात तपकिरी कड असलेला डाग करते. ती मालकानं मनावर घेतलं तर निघते. "पावसाळ्याआधी करून देतो" हे करारात तारखेसह लिहून घ्या, तोंडी नको.

गच्चीवरची पत्र्याची खोली. भाडं कमी, वारा भरपूर, पण मार्च ते मे दुपारी बसवत नाही आणि जुलैत पत्र्यावरच्या पावसात फोनवर बोलता येत नाही. खाली फॉल्स सीलिंग किंवा निदान थर्माकोल शीट असेल तर बरं. अभ्यासिका लावलेल्या, नुसतं झोपायला येणाऱ्या मुलाला ही खोली चालते. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला नाही.

फीस्ट_रविवार :

खायचं राहिलं. मेस लावताना तीन गोष्टी. महिना तीस दिवसांचा धरतात की साठ वेळांचा? खाडे कसे धरतात? बहुतेक ठिकाणी सलग काही दिवस आणि आधी सांगून गेलात तरच वजा होतात; शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याचे पैसे बुडतात. गडहिंग्लज, राधानगरी, कागलकडची मुलं दर शनिवारी घरी पळतात, त्यांनी वेळांवर पैसे घेणारी मेसच बघावी, कार्ड पंच करून. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का? दुपारी फीस्ट असली की संध्याकाळी बहुतेक बंदच. आपल्याकडं फीस्ट म्हणजे तांबडा-पांढरा. शाकाहारी मुलानं त्या दिवशी काय मिळतं ते आधीच विचारावं, नाहीतर पनीरच्या नावाखाली वाटाण्याची उसळ.

खोलीत स्वयंपाक चालतो का आणि मटण-मासे चालतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणाऱ्याकडं जाऊ नका; बेकायदा आहेच, आणि त्या वॉल्व्हची गळती बंद खोलीत कळत नाही.

गल्ली_नंबर :

पार्किंग! दोन खोल्यांत सहा मुलं, सहा दुचाक्या, आणि जागा दोनची. उरलेल्या चार गल्लीत, मग शेजाऱ्याच्या गेटसमोर, मग भांडण. मुलांच्या तक्रारी दंग्यापेक्षा गाड्यांवरूनच जास्त होतात. करारात "दुचाकी किती" हे लिहून घ्या.

अपार्टमेंट असेल तर आणखी एक. गृहनिर्माण संस्था भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते मालकाचं देणं. "सोसायटी जास्त मागते" म्हणून तुमच्यावर ढकलत असेल तर सोसायटीची पावती बघायला मागा.

पोलिसांत माहिती द्यायचंही विसरू नका. ज्या ठाण्याच्या हद्दीत घर, तिथं. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही भाडेकरूची माहिती भरता येते. फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, ओळखीची माणसं. काम मालकाचं आहे, पण पोच तुमच्याकडं ठेवा.

राहीबाई :

एवढं सगळं केलं तरी अनामत परत मिळत नाही, रंगाचे पैसे कापतात. पूर्ण कापलेली सुद्धा ऐकली आहे.

करवीरकाठ :

राहीबाई, त्याचं उत्तर पहिल्या दिवशी तयार करायचं असतं. सामान आत टाकण्याआधी रिकाम्या खोलीचा सलग व्हिडिओ काढा : भिंती, फरशीच्या भेगा, नळ, खिडकीच्या काचा, पंखा चालू करून, कमोडची टाकी, दाराची कडी. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप बसते. सोबत यादी : पंखे किती, ट्यूब किती, कॉट, गादी, चाव्या किती. सब-मीटरचं रीडिंग आणि मुख्य मीटरचं रीडिंग, दोन्हींचे फोटो.

करारात तीन वाक्यं हवीत. नोटीस किती दिवसांची, साधारण एक महिना. कमीत कमी किती महिने राहायचं आणि आधी गेलात तर काय कापणार. आणि रंगाचं : "वापरानं होणारी नेहमीची झीज वगळून" हे शब्द. ते नसले की खिळ्याच्या एका भोकावर अख्ख्या खोलीचा रंग निघतो. चिकटपट्टीनं पोस्टर लावू नका, ती काढताना पापुद्रा येतो आणि तिथं मालकाचं म्हणणं बरोबर ठरतं.

सुट्टीचं भाडं याच वेळी ठरवा. जूनला घेतलेला अकरा महिन्यांचा करार एप्रिलअखेर संपतो. मे महिना सामान ठेवायचं असेल तर पूर्ण भाडं, अर्धं, की नुसतं कॉटचं, हे आकड्यात लिहा.

सोडताना नोटीस लेखी द्या. आठवडाभर आधी मालकाला खोली दाखवा, काय कापणार ते तोंडावर विचारा. बल्ब, नळाची चकती अशा गोष्टी उद्यमनगरातून आणून स्वतः बसवल्या तर मालकाच्या निम्म्या खर्चात होतात. शेवटच्या दिवशी दोन्ही मीटरांचं रीडिंग, तेवढ्या युनिटचा हिशेब, आणि चावी व अनामत एकाच वेळी, समोरासमोर. "आठ दिवसांनी पाठवतो" म्हणाला तर रक्कम आणि तारीख लिहिलेला मेसेज घेतल्याशिवाय चावी देऊ नका. खोली दिल्याची ताबा पावती दोघांच्या सहीनं करा.

निपाणीची_आई :

शेवटच्या महिन्याचं भाडं न देता "अनामतीतून वळतं करा" असं बाकीच्या मुली म्हणतायत. करावं का?

दस्तलेखनिक :

करारात लिहिलं असेल तरच. नसेल तर ते थकलेलं भाडं धरलं जातं, आणि मग वीजबिल, नळ, रंग सगळ्यालाच वाद फुटतो. शिवाय चौघींपैकी एकीनंच तसं केलं तर बाकी तिघींच्या अनामतीही अडकतात. मालकीणबाई तयार असतील तर त्यांचा होकार मेसेजवर घ्या, रक्कम आणि महिना लिहून, आणि तो चौघींच्या ग्रुपवर टाकून ठेवा.